नशा वस्तीत शिरते कुठून, आणि वस्ती तिला अडवते कशी

परिसरात अमली पदार्थ विकले जात असल्याची कुणकुण लागली की बैठक बोलावली जाते आणि दोन मागण्या हमखास पुढे येतात. पोलिसांनी छापे घालावेत आणि शाळेत मुलांसाठी एक व्याख्यान ठेवावं. व्याख्यान होतं, कवट्यांची आणि काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवली जातात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात. मोठ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मुलं वर्गातून बाहेर पडतात तेव्हा संध्याकाळ मात्र काल होती तशीच असते. घरी कोणी नाही, मैदानाला कुलूप, आणि मागच्या भिंतीपाशी थोड्या मोठ्या मुलांचा घोळका.

मला बोलायचं आहे ते या संध्याकाळबद्दल. ती बदलणं पोलिसांच्या हातात नाही, वक्त्यांच्याही नाही. तिथे राहणाऱ्या माणसांच्या हातात आहे.

व्याख्यानाने का भागत नाही

अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके सांगत आणि ‘नाही’ म्हणायला शिकवत. पालकांना, शिक्षकांना, पुढाऱ्यांना तो इतका आवडला की बघता बघता देशभर पसरला. मग संशोधकांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. उपक्रमातून गेलेली मुलं आणि न गेलेली मुलं, यांच्या नशा करण्याच्या प्रमाणात टिकणारा फरक सापडला नाही. पुढे या उपक्रमाने आपला अभ्यासक्रम बदलला, पण जुन्या पद्धतीची व्याख्यानं जगभर अजून चालूच आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 2018 मध्ये प्रतिबंधाबद्दलची आंतरराष्ट्रीय मानकं सुधारून प्रसिद्ध केली. त्यात शाळेतल्या कोणत्या गोष्टी उपयोगी पडत नाहीत किंवा उलट्या पडू शकतात, हेही सांगितलं आहे. नुसतं भाषण, भीती घालणं, नैतिकतेचे धडे. आणि ज्याचं अनेकांना आश्चर्य वाटेल असंही एक: व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला मुलांसमोर उभं करून त्याची कहाणी ऐकवणं. व्यासपीठावर एक धडधाकट, टाळ्या मिळवणारा माणूस उभा असतो. वयात येणाऱ्या मुलाला त्यातून धोका कळतोच असं नाही. ‘यातून बाहेर पडता येतं’ एवढंच तो घरी घेऊन जाऊ शकतो. (अशा माणसांची खरी गरज दुसरीकडे आहे. त्याबद्दल पुढे.)

आपण धरून चालतो की मुलं अज्ञानामुळे नशेकडे वळतात. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं. सिगारेट वाईट हे पहिला झुरका घेणाऱ्याला ठाऊक असतं. पण ती पुढे करणारा मित्र असतो. आपल्या मनात विकणारा म्हणजे कोपऱ्यात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस; प्रत्यक्षात ‘एकदा बघ तरी’ म्हणणारा असतो शेजारचा, वर्गातला, चुलतभाऊ. त्याला नकार देणं म्हणजे घोळक्यातून बाहेर फेकलं जाण्याची तयारी ठेवणं. त्यात मेंदूचा जो भाग परिणामांचा विचार करून लगाम खेचतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. मजा आणि कौतुक यांना प्रतिसाद देणारा भाग मात्र त्याच्या बराच आधी जोमात आलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या माणसासारखा विचार करायला सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी तो लगाम काही वर्षं इतरांनी धरायचा असतो.

म्हणून सुरुवात लांबवणं हेच मोठं काम ठरतं. दारूबद्दलच्या मोठ्या पाहण्यांत हे स्वच्छ दिसलं आहे: पंधरा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण, एकविशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळतं. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या आयुष्यात इतर अडचणीही असतात, त्यामुळे सगळा दोष त्या पहिल्या घोटाला देता येणार नाही. तरी दोन-तीन वर्षांची उसंत मिळाली तर मूल बरंच पुढे निघून जातं.

आइसलँडने संध्याकाळ बदलली

1998 मध्ये आइसलँडमधल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी सांगितलं की गेल्या महिन्याभरात आपण दारू पिऊन झिंगलो होतो. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले, आणि कधी ना कधी गांजा ओढलेले 17 वरून 7 टक्क्यांवर. इतकी मोठी घसरण क्वचितच कुठे झाली असेल, म्हणून तिथे काय केलं ते जरा सविस्तर पाहू.

त्यांनी आधी विचारलं. देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून नाव न लिहिता प्रश्नावल्या भरून घेतल्या. नशा करतोस का, एवढाच प्रश्न नव्हता. संध्याकाळी कुठे असतोस? आईवडिलांबरोबर किती वेळ जातो? तुझे मित्र कोण आहेत हे त्यांना माहीत असतं का? आठवड्यातून किती वेळा खेळतोस? उत्तरांतून चित्र उभं राहिलं. नशेपासून दूर राहिलेल्या मुलांमध्ये काही गोष्टी समान होत्या: आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ किंवा एखादा छंद, तोही नीट शिकवणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीत, घरच्यांबरोबर भरपूर वेळ, शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे ही भावना, आणि रात्री उशिरा बाहेर न भटकणं.

मग त्या गोष्टी जमेल तितक्या मुलांपर्यंत पोचवल्या गेल्या. खेळ, संगीत, नृत्य यांच्या शिकवण्यांना सरकारी पैसा वाढवला, आणि रेक्याविकसारख्या शहरांत कुटुंबांना या शिकवण्यांच्या शुल्कासाठी मदत दिली. तंबाखूसाठी 18 आणि दारूसाठी 20 वर्षांची अट कडक केली. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचे नियम पाळले जाऊ लागले: 13 ते 16 वयाच्या मुलांनी हिवाळ्यात दहाच्या आत आणि उन्हाळ्यात बाराच्या आत घरी. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना झाली आणि पालकांनी आपसांत लेखी करार केले. आपल्या घरी मुलांना दारू देणार नाही, मोठ्यांशिवाय पार्ट्या होऊ देणार नाही, एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवू. शनिवार-रविवारच्या रात्री पालक गटाने फेऱ्या मारू लागले. हातात काठ्या नव्हत्या. मुलं दिसली की बोलायचं, घरी पाठवायचं.

या सगळ्यात पालकांचा करार मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘सगळ्यांच्या घरी चालतं, फक्त तुम्हीच अडवता’ हे वाक्य प्रत्येक आईबापाने ऐकलेलं असतं. एकटं घर या वाक्यापुढे नमतं. वीस घरांनी एकच वेळ ठरवली की या वाक्यातली हवाच निघून जाते, आणि मुलालाही मित्रांसमोर मान खाली घालावी लागत नाही, कारण मित्रालाही तेवढ्याच वाजता घरी जायचं असतं.

आइसलँड छोटा आणि सधन देश आहे, तिथल्या शासनाने पैसा घातला, आणि मुख्य यश दारू-तंबाखूत दिसलं. हे सगळं तसंच्या तसं उचलून दुसरीकडे लावता येणार नाही. मात्र ‘आधी विचारा, मग ठरवा, मग पुन्हा विचारा’ ही रीत कुठेही चालते, आणि तिला फार पैसाही लागत नाही.

दोन शब्द: जोखीम आणि आधार

या क्षेत्रातली माणसं दोन कल्पना सतत वापरतात. ज्यामुळे नशेकडे वळण्याची शक्यता वाढते ते जोखमीचे घटक. शाळेत सतत मागे पडणं, घरातली मारहाण, घरातलंच व्यसन, पदार्थ सहज मिळणं, परिसरातल्या मोठ्यांनी ‘चालायचंच’ म्हणून कानाडोळा करणं. आणि ज्यामुळे ती कमी होते ते संरक्षक घटक, म्हणजे आधार. एखाद्या मोठ्या माणसाशी घट्ट नातं, एखादं कौशल्य, कोणीतरी घेतलेली दखल, स्पष्ट आणि सगळ्यांना सारखे असलेले नियम. जोखमीचा एखादा घटक असला म्हणजे मूल व्यसनी होईलच असं नाही, आणि आधार भरपूर असूनही काही मुलं वळतात. हे सगळं शक्यतेचं गणित आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांनी याच कल्पनांवर ‘कम्युनिटीज दॅट केअर’ नावाची पद्धत उभी केली. परिसरातल्या लोकांचं मंडळ बनतं. ते मुलांच्या पाहणीवरून आपल्याकडच्या काही ठळक जोखमी निवडतं, आणि त्यावर आधी तपासून सिद्ध झालेले उपाय लागू करतं. 2003 पासून अमेरिकेतल्या सात राज्यांमधल्या 24 गावांत याची चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तशी निम्मी गावं निवडून तिथे पद्धत राबवली, उरलेल्या गावांत नेहमीसारखं चालू ठेवलं. आठवीपर्यंत पोचलेल्या मुलांमध्ये, पद्धत राबवलेल्या गावांत दारूची सुरुवात करण्याची शक्यता 32 टक्क्यांनी आणि सिगारेटची 33 टक्क्यांनी कमी आढळली.

इथे अशा तपासलेल्या उपायाचं एक साधं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 1985-86 साली पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू केला. मुलांचे गट करायचे, ठरलेल्या वेळेत गटातल्या सगळ्यांनी नियम पाळले की गटाला छोटंसं बक्षीस. बस. ही मुलं 19 ते 21 वर्षांची झाल्यावर पाहिलं तर, लहानपणी आक्रमक आणि दंगेखोर असलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांच्या व्यसनाचं प्रमाण खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांपेक्षा बरंच कमी होतं. संपूर्ण खेळात नशेचा उल्लेखसुद्धा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःला आवरायला आणि गटात सामावून जायला शिकवलं, त्याचं फळ तेरा-चौदा वर्षांनी दिसलं.

सुरुवात कुठून करायची

सहा-सात माणसांपासून. पण कोणती, याला महत्त्व आहे. नेहमीची पदाधिकारी मंडळी घेतली तर नेहमीचंच व्याख्यान ठरेल. मुलांना खेळ शिकवणारा प्रशिक्षक हवा, एखादी शिक्षिका हवी, औषधाच्या दुकानाचा मालक हवा, आरोग्यसेविका हवी. दोन-तीन तरुण हवेत, आणि त्यांना खुर्च्या मांडायला नव्हे, निर्णय घ्यायला बोलवायचं. कोणती गल्ली, कोणती गच्ची, कोणतं बंद पडलेलं बांधकाम, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आणि ज्या घराने हे भोगलं आहे त्या घरातलं एक माणूस हवं, त्याची तयारी असेल तर.

पहिल्या महिन्यात या गटाने फक्त फिरावं आणि ऐकावं. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत मुलं कुठे असतात याचा कागदावर नकाशा काढावा. कुठे दिवे नाहीत, कोणतं मैदान किती वाजता बंद होतं, कोणत्या घरांत रात्री आठपर्यंत कोणी मोठं नसतं. असा नकाशा काढला की कित्येकदा उपाय स्वतःच समोर येतात. मैदानाची किल्ली कोणाकडे ठेवायची, दिव्याचा अर्ज कोणी करायचा, वाचनालय दोन तास जास्त उघडं ठेवायला कोण बसेल. ही कामं रटाळ वाटतात, फोटो काढण्यासारखी नाहीत. पण मोर्च्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

दुकानदारांशी बोलणं राहून जातं, ते राहू देऊ नका. नशा म्हणजे फक्त गांजा, हेरॉइन किंवा रासायनिक पावडर नव्हे. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामकं, खोकल्याची काही औषधं, चिकटवण्याचे द्रव, थिनर, लिखाण खोडण्याचं द्रव, या सगळ्यांचा नशेसाठी वापर होतो आणि यातलं बरंचसं राजरोस विकलं जातं. हुंगायच्या पदार्थांनी पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो, हे अनेक दुकानदारांना माहीतच नसतं. तसंच घरातलं औषधांचं कपाट. आजीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गोळ्या वर्षभर तिथेच पडलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे: खरे आकडे. तरुणांना वाटत असतं की आपण सोडून सगळेच करतात. या गैरसमजावर 1980 च्या दशकापासून बराच अभ्यास झाला आहे; विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या पिण्याचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त धरून चालतात. ‘युवा पिढी नशेच्या विळख्यात’ असे फलक लावले की हाच गैरसमज पक्का होतो. आइसलँडसारखी नाव न लिहिता प्रश्नावली तुम्हीही भरून घ्या, आणि त्या पाहणीत शंभरातल्या नव्वद मुलांनी कधीच काही घेतलेलं नसेल, तर तेच मुलांना मोठ्याने सांगा.

ज्या घरात हे शिरलं आहे

प्रतिबंध म्हणजे ज्यांनी नशेला अजून हात लावलेला नाही फक्त अशा मुलांसाठीचं काम, असं समजलं जातं. पण ज्याने सुरुवात केली आहे त्याला वस्ती कशी वागवते, हे बाकीची घरं बघत असतात. एका मुलाला खांबाला बांधून मारलं, त्याच्या आईला जाता-येता टोमणे मारले, की दुसऱ्या घरातली आई आपल्या मुलाच्या खिशात सापडलेली पुडी पदराआड लपवते. पुढची दोन वर्षं ती लपवतच राहते. मदत मिळू शकली असती तो काळ लाजेत जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2024 च्या जागतिक अहवालाप्रमाणे अमली पदार्थांचा विकार जडलेल्या 11 जणांपैकी एकालाच उपचार मिळतात, आणि स्त्रियांमध्ये 18 पैकी एकीला. बाकीचे कुठे आहेत, याचं बरंचसं उत्तर या लाजेत सापडतं. ‘गर्दुल्ला’, ‘वाया गेलेला’ हे शब्द बैठकीत उच्चारायचे नाहीत, एवढा एक नियम केला तरी फरक पडतो.

कुटुंबाला काय करावं हे शिकवता येतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांसाठी ‘क्राफ्ट’ ही पद्धत बसवली. माणूस शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याबरोबर वेळ घालवायचा, त्याला ते हवंहवंसं वाटेल असं वागायचं. नशेत असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचं. त्याने केलेली उधारी, खोटी कारणं आपण निस्तरायची नाहीत. आणि तो स्वतःच वैतागलेला असेल अशा क्षणी उपचारांचा विषय काढायचा. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दारूचं व्यसन असलेल्यांच्या कुटुंबांवरच्या एका अभ्यासात या वाटेने 64 टक्के जण उपचारांना तयार झाले. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हेच प्रमाण 30 टक्के होतं.

कोणालाही खोलीत कोंडून नशा ‘उतरवण्याचा’ प्रयत्न करू नका. नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला व्यसनी मंडळी टर्की म्हणतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं जुनं व्यसन एकदम तोडलं तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवं.

आणि अतिसेवनाबद्दल प्रत्येक परिसरातल्या चार माणसांना तरी माहिती असावी. हेरॉइन, मॉर्फिन किंवा तशा वेदनाशामकांच्या अतिसेवनात श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हलवूनही माणूस जागा होत नाही. रुग्णवाहिका बोलवायची, श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवायचं, बंद पडत असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. नॅलोक्सोन नावाचं औषध हा परिणाम काही मिनिटांत उलटवतं. ते जवळच्या माणसांच्या हाताशी असावं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये केली आहे. सर्वांत धोक्याचे दिवस कोणते माहीत आहे? उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे. शरीराची सवय मोडलेली असते, माणूस मात्र पूर्वीएवढीच मात्रा घेतो.

परतण्याची ही वेळ वस्तीच्या परीक्षेची असते. 1970 च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने व्हिएतनाममधून मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला. सुमारे 20 टक्के सैनिकांनी आपल्याला तिथे हेरॉइनसारख्या पदार्थांचं व्यसन लागल्याचं सांगितलं होतं. सरकार हादरलं होतं. पण व्यसन लागलेल्यांपैकी तीन वर्षांत पुन्हा त्या गर्तेत सापडलेले, तेही थोड्या काळासाठी, निघाले अवघे 12 टक्के. ज्या जागी, ज्या सोबतीत, ज्या ताणात सवय लागली होती ते सगळं मागे राहिलं होतं. आपल्याच गल्लीत व्यसन लागलेल्या मुलाचं नशीब असं नसतं. तो केंद्रातून बरा होऊन येतो तो त्याच भिंतीपाशी, त्याच घोळक्यात, आणि त्याला काम द्यायला कोणी तयार नसतं. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांची गरज नेमकी इथे लागते. अशा माणसाने रोज संध्याकाळी येऊन परतलेल्या मुलाला हाक मारायची, बरोबर फिरायला जायचं, मुलगा पुन्हा घसरला तर ‘ये, परत सुरू करू’ म्हणायचं. पुन्हा घसरणं हे मधुमेहात साखर वाढण्यासारखं आहे, उपचार पुन्हा नीट बसवण्याची वेळ आल्याची खूण.

विकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. माझं स्पष्ट मत आहे की नागरिकांनी त्यांच्याशी थेट भिडू नये. त्यात जीव जातात आणि निरपराध मुलं मार खातात. माहिती गुप्त राहील अशा वाटेने पोलिसांना द्यावी, एकट्याच्या नावाने न देता गटाच्या नावाने पाठपुरावा करावा. पुड्या पोचवायला वापरली जाणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं मात्र आपलीच असतात. त्यांना आधी शाळेत परत आणायचं.

या कामाला वेळ लागतो. पहिल्या वर्षी आकडे हलणार नाहीत, काही वेळा वाढलेलेही दिसतील, कारण लपवणारी घरं बोलू लागतात. तरी दर वर्षी त्याच महिन्यात तीच प्रश्नावली भरून घ्या, नावाशिवाय. नशेबद्दलचे प्रश्न शेवटी ठेवा. पहिला प्रश्न असा असू द्या: गेल्या आठवड्यात किती संध्याकाळी तू कुठे होतास, हे एखाद्या मोठ्या माणसाला माहीत होतं?